भिंत कोणाची, भीती कोणाची?

आमच्या शहरात भांडणाला विषय कधी कमी पडत नाही. एका नावावरूनच आम्ही पस्तीस वर्षे भांडलो. 1988 साली जाहीर सभेत नव्या नावाची घोषणा झाली, 1995 साली महापालिकेने ठराव केला, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, मग काही वर्षे सारे थंड पडले, 2022 साली एका मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, दुसऱ्याने त्याला ‘छत्रपती’ जोडले आणि 2023 च्या फेब्रुवारीत औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. या भांडणाचे निखारे वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी बसून फुंकण्याची मला हौस नाही. ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणून झाले आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच, की पाट्यांसाठी एवढा घसा कोरडा करणाऱ्या या शहराला दगडांसाठी एकदा तरी ठसका लागला का?

मी इतिहासकार नव्हे. माझी मजल मॅट्रिकपर्यंत. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या. तेव्हा फारसी कागदपत्रांचा हवाला माझ्याकडून कोणी मागू नये. पण गेली वीस वर्षे मी मुलांना घेऊन या शहरातल्या जुन्या इमारतींपुढे बसतो आणि त्यांच्याकडून कमानी, बुरूज, मनोरे काढून घेतो. एखादी वस्तू कागदावर उतरवायची म्हणजे तिच्याकडे नीट पाहावे लागते, आणि नीट पाहिले की प्रश्न पडतात. असाच एक प्रश्न सातवीतल्या एका पोरीने मला विचारला. मक्का गेटच्या अंगाला खाम नदीच्या काठाने जुन्या तटाचा तुकडा उभा आहे, तो काढता काढता ती म्हणाली, “सर, एवढी मोठी भिंत कशाला बांधली? कोणाची भीती होती?”

भिंत आणि भीती हे दोन शब्द पोरीने सहज शेजारी ठेवले. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

कारण त्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या पुस्तकांत आहे आणि आमच्या एकाही चौकात नाही. हा तट औरंगजेब बादशहाच्या काळात 1682 साली उभा राहिला. आता जरा साल पाहा. 1681 च्या जानेवारीत रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांतच मराठी फौजेने बुऱ्हाणपुरासारखे मोगलांचे श्रीमंत शहर लुटले. त्याच वर्षाच्या अखेरीला बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला आणि 1682 च्या मार्चमध्ये आमच्या गावी येऊन दाखल झाला. काबूलपासून बंगालपर्यंत ज्याचा हुकूम चालत होता, ज्याच्या छावणीचेच एक चालते शहर होई, तो मनुष्य इथे आला आणि शहराभोवती दगडाचा तट उभा राहिला! कशासाठी? मराठ्यांचे घोडेस्वार रात्रीबेरात्री शहरात घुसू नयेत म्हणून. तटाचे कारण म्हणून हेच सांगितले जाते. मी माझ्या पदरचे काही घालत नाही. त्यानंतर तो बादशहा उत्तरेत परत गेला नाही. पंचवीस वर्षे दक्षिणेतच झगडून 1707 साली अहमदनगरजवळ मेला आणि खुलताबादेत एका साध्या कबरीत गेला.

म्हणजे हा तट काय आहे? मोगलांच्या वैभवाची निशाणी म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. अहो, ती वैभवाची नव्हे, धास्तीची निशाणी आहे. संभाजीराजांची स्वारी होऊन पुरते दोन वर्षेही झाली नव्हती, आणि त्यांच्या फौजेच्या धाकाने दिल्लीपतीला दगड रचावे लागले. संभाजीराजांच्या पराक्रमाविषयी आपण नाटके लिहितो, सिनेमे काढतो, तिकिटाला रांगा लावतो. शत्रूने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या गवंड्यांकडून लिहून दिलेली त्या पराक्रमाची पावती मात्र आम्ही आमच्याच हातांनी फाडली. आणि ज्यांनी फाडली ते शहर त्यांच्याच नावाचे!

फाडली म्हणजे कशी, तेही सांगतो. तोफ लावून नव्हे. तोफेने पडली असती तर निदान पोवाडा झाला असता. ही भिंत पडली ती किरकोळीने. कोणी घराच्या पायासाठी चार चिरे नेले. कोणी तटालाच मागची भिंत समजून पुढे पत्रे टाकले आणि तीन भिंतींच्या खर्चात चार भिंतींची खोली बांधली. रस्ते रुंद करण्याच्या मोहिमा आल्या, त्यांत आणखी काही गेले. उरलेल्या तुकड्यांवर गोधड्या वाळतात, निवडणुकीतली अभिनंदने चिकटतात आणि पायथ्याशी जे साचते त्याचे वर्णन दिवाळी अंकात करू नये. माझ्या वर्गातली मुले चित्र काढताना नाकाला रुमाल बांधतात. एका मुलाने तटाच्या चित्रात प्लॅस्टिकच्या पिशव्याही इमानाने रंगवल्या होत्या. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

आता यावर जे उत्तर येते ते मी इतक्यांदा ऐकले आहे की मला ते पाठ झाले आहे. “मास्तर, ते सगळे परक्यांचे. गेले तर गेले.” माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, चांगले शिकलेले, माझ्यापेक्षा दोन पदव्या जास्त. त्यांना मी एकदा टाऊन हॉलजवळच्या भडकल गेटखाली उभे केले आणि विचारले, हे कोणी बांधले? ते म्हणाले, “कोण, औरंगजेब!” आमच्या शहरात जे जे जुने दिसेल ते औरंगजेबाच्या नावावर जमा करण्याची रीत आहे, त्या म्हाताऱ्याला स्वर्गात बसल्या जागी एवढी मिळकत कशी झाली याचे नवल वाटत असेल. भडकल दरवाजा औरंगजेबाचा नव्हे. तो बांधला गेला 1612 साली, तेव्हा औरंगजेबाचा जन्मही व्हायचा होता. बांधणारा मलिक अंबर. आणि कशासाठी बांधला? मोगलांचा पराभव केला त्याचे स्मारक म्हणून! मोगलांच्या नाकावर टिच्चून उभारलेली कमान आम्ही मोगलांच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

या मलिक अंबराविषयी शाळेच्या पुस्तकात चार ओळी असतात. अबिसीनियात जन्मलेले हबशी पोर, बगदादच्या बाजारात गुलाम म्हणून विकले गेलेले, ते दक्षिणेत येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताकरविता झाले. 1610 साली त्याने खडकी या खेड्यात राजधानी मांडली. तेच आमचे गाव. त्याचा मुलगा फत्तेखान याने पुढे त्याचे फत्तेनगर केले. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. नावे बदलण्याची सवय या गावाला फार जुनी आहे, आणि दर वेळी नव्या नावाखाली दगड मात्र तेच राहिले. अंबराच्या पदरी मराठे सरदार होते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने मोगल आणि आदिलशाही फौजांशी लढले, आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्याच लढाईत कामी आले. आमच्या शहराच्या जुन्या पुऱ्यांत मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे भोसले घराण्यातल्या मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजींवरून पडली असे सांगतात. आता या सगळ्यांतून ‘परके’ नेमके कोणाला काढायचे, ते त्या दोन पदव्यावाल्या गृहस्थांनी मला अजून सांगितलेले नाही. चहा मात्र पाजला.

तीच गोष्ट मकबऱ्याची. बीबी का मकबरा पाहून आलेला प्रत्येक पाहुणा ‘गरिबाचा ताज’ एवढे बोलतो आणि आपण फार मोठी रसिकता दाखवली अशा थाटात पान लावतो. दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची राणी. तिच्या स्मरणार्थ शहजादा आझमशहाच्या नावे ही इमारत झाली. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत आणि घुमटाला संगमरवर, मधे आपला साधा काळा दगड आणि वर चुन्याचा गिलावा. टीकाकार यालाच हसतात. मी चित्रकलेचा मास्तर या नात्याने सांगतो, त्या गिलाव्याच्या कामातली वेलबुट्टी पाहायला एक आख्खी सकाळ पुरत नाही. खर्च झाला म्हणे सहा लाख अडुसष्ट हजार दोनशेतीन रुपये सात आणे. शेवटचे सात आणेसुद्धा टिपून ठेवणाऱ्या त्या कारकुनावर मी कधीतरी कादंबरी लिहिणार आहे. पण मुद्दा वेगळा. प्रवेशाच्या मोठ्या दारावर जो लेख आहे त्यात दोन नावे आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि बांधकामाचा अभियंता हंसपतराय. एका दारावर दोन्ही नावे शेजारी आहेत आणि साडेतीनशे वर्षांत त्यांनी एकमेकांना खाली ढकललेले नाही.

दुसरे उत्तर व्यवहारी माणसांचे. एकदा मी रिक्षाने जात होतो, मक्का गेटपाशी खोळंबा झालेला, रिक्षावाला वैतागून म्हणाला, “सर, हा दरवाजा काढून टाकला तर दहा मिनिटं वाचतील.” मी म्हटले, “वाचलेल्या दहा मिनिटांचं काय करशील?” तो म्हणाला, “पुढच्या सिग्नलला उभा राहीन.” त्याच्याशी माझे भांडण नाही, त्याला निदान विनोद कळतो. भांडण आहे ते नकाशावर रेघोट्या मारणाऱ्यांशी. ते सांगतात, मुंबईचा किल्ला नाही का पाडला? पाडला. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना 1860 नंतरच्या दशकात मुंबईच्या कोटाच्या भिंती काढल्या. पण त्या मोकळ्या झालेल्या जागेत काय उभे राहिले ते त्यांनी डोळे उघडून पाहावे. रुंद रस्ते, फ्लोरा फाउंटन, विद्यापीठ, हायकोर्ट, आणि समोर मैदाने. 2018 साली युनेस्कोने त्या इमारतींचा जागतिक वारशात समावेश केला. मुंबईने एक भिंत दिली आणि एक शहर घेतले. आम्ही भिंत दिली आणि त्या जागी घेतले काय? मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या टपऱ्या, आणि रस्त्यात उलट्या बाजूने घुसणाऱ्या मोटारसायकली. पाडणाराला पाडण्याचा हक्क असेल. पण त्या जागी त्याच्या तोडीचे काही बांधण्याची अक्कलही असावी लागते.

तिसरा वर्ग सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. हे वारशावर प्रेम करणारे लोक. ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ हे शब्द यांच्या ओठांवर नेहमी तयार. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का असे चार मुख्य दरवाजे आणि बाकीचे लहानमोठे, दिंड्या, खिडक्या मिळून ही बावन्नची बेरीज होते. आज उभे आहेत ते मोजायला दीड डझनही अंक लागत नाहीत. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटीच्या पैशांतून त्यांतल्या काहींची डागडुजी झाली, शहागंजचा निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोराही दुरुस्त झाला. चांगले झाले, जे झाले त्याला चांगले म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. पण डागडुजी संपते न संपते तोच रंगीत दिवे लागतात! संध्याकाळी जांभळा, मग हिरवा, मग गुलाबी. दरवाजा आहे की लग्नाचा मांडव? त्या दिव्यांखाली उभे राहून तरणी पोरे फोटो काढतात, आणि बिचारा दरवाजा चहूकडून रस्त्याने वेढलेला, अंगाला भिंत नाही, मध्येच उभा, एखाद्या चुकलेल्या पाहुण्यासारखा.

अहो, दरवाजा हा भिंतीचा असतो. भिंत नसेल तर दरवाज्याला अर्थ काय? आत कुठे आणि बाहेर कुठे? पैठण गेटाखाली उभ्या असलेल्या मुलांना मी विचारतो, आता तुम्ही शहरात आहात की शहराबाहेर? त्यांना सांगता येत नाही. त्यांचा दोष नाही. आम्ही नाक कापले आणि नथ तेवढी पेटीत जपून ठेवली, वर ती घासूनपुसून पाहुण्यांना दाखवतो.

दिवे लावायला जमिनीवर काहीतरी दिसावे लागते, म्हणून आमच्या शहराची सर्वांत मोठी वास्तू अंधारातच राहिली. ती जमिनीखाली आहे. मलिक अंबराने हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याचे भूजल विहिरी आणि बोगदे खणून गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात खेळवले. ना इंजिन, ना वीज. हीच नहर-ए-अंबरी. पुढे तिच्या पावलावर पाऊल ठेवून आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे पाणी असेच मातीच्या नळांतून येई, उंचावरून चक्कीच्या पात्यांवर पडे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. तिथल्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे; वर पाणी, खाली माणसे, आणि माणसे कोरडी! आज आमचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून विजेच्या पंपांनी चढवून आणावे लागते, आणि गेली कित्येक वर्षे घरोघरी ते आठवडा उलटल्यावरच पाहायला मिळत आले आहे. 2020 च्या डिसेंबरात 1680 कोटींच्या नव्या पाणीयोजनेचा नारळ फुटला. कोटींचा आकडा पाण्याच्या आधीच चढला. ज्या पिढ्यांनी वाडे बांधताना, गटारे खणताना, पाया घेताना या नहरींचे नळ कुदळीने फोडले, त्यांचीच नातवंडे आता टँकरमागे हंडे घेऊन धावतात. नहरीचे पाणी आजच्या एवढ्या मोठ्या शहराला पुरले असते असे मी म्हणत नाही. पण फुकट येणारे पाणी फोडून विकतच्या पाण्याची वाट पाहणे याला माझी आई ‘घरचं झालं थोडं’ म्हणायची.

आता तक्रार पुरे. मला काय हवे ते सांगतो, म्हणजे ‘मास्तर नुसते ओरडतात’ असे कोणी म्हणायला नको.

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले. रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग आणि थेट तामिळनाडूतली जिंजी. आमच्या शाळेत पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. आता दिवाळीत अंगणोअंगणी मातीचे किल्ले होतील. पुण्यामुंबईकडची ही चाल आमच्या गल्ल्यांतही चांगली रुजली आहे. पोरे रायगड करतील, प्रतापगड करतील, अळीव पेरून डोंगर हिरवे करतील, वर मावळे ठेवतील. यंदा माझ्या वर्गाने ठरवले आहे की एक अंगण आमच्या शहराच्या तटाचे. आत बादशहाची छावणी आणि बाहेर चारी बाजूंनी मराठी घोडेस्वार. चिखल कालवणाऱ्या पोरांना हा बेत लगेच कळला. त्यांतला एकही ‘परक्यांचे’ म्हणाला नाही. सगळ्यांना बाहेरचा घोडेस्वार व्हायचे होते.

मोठ्यांसाठी माझ्या तीन मागण्या आहेत. तटाचा जो जो तुकडा अजून उभा आहे तिथे मराठीत, चार वाक्यांत, हा तट कधी आणि कोणाच्या धाकाने बांधला हे दगडात कोरून लावावे. फ्लेक्सवर नको, फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाला झाकला जातो. भडकल गेटवर तसेच, त्या विजयाविषयी. आणि जिथे तट नाहीसा झाला तिथे त्याची रेघ रस्त्यात दाखवावी. बर्लिनमध्ये पाडलेल्या भिंतीची जागा रस्त्यात दगडांच्या दुहेरी ओळीने आखून ठेवली आहे. वरून मोटारी जातात, माणसे जातात, कोणाची दहा मिनिटे वाया जात नाहीत. आमच्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही आणि तो घडवणारे वडारी अजून आहेत. रस्ते तर आम्ही दर वर्षी उकरतोच. एकदा उकरलेल्या खड्ड्यात डांबराऐवजी चार इंच घडीव चिरा बसवायला किती खर्च येईल, त्याचा अंदाज मी आमच्या भागातल्या एका वडाऱ्याकडून काढून आणला आहे. पैठण गेटपासून पहिल्या शंभर पावलांचा. ज्यांना हवा असेल त्यांनी शाळा सुटल्यावर येऊन न्यावा.